तुम्ही बरोबर होतात. मग मैदान का सोडलंत?



गेल्या आठवड्याच्या व्हिडिओत रागावर बोलताना मी एका सर्बियन फुटबॉल कोचचं उदाहरण दिलं होतं. इवान वुकोमानोविच. दोन मिनिटांत उरकलं आणि तिथेच गडबड झाली. बऱ्याच जणांनी मला कळवलं, "सर, तुम्ही त्याच्यावर अन्याय केलात. तो बरोबर होता. स्वाभिमान नावाची काही गोष्ट असते की नाही?"

असते ना! म्हणूनच आज सविस्तर लिहितोय. हा माणूस मला आवडतो. एका पडलेल्या टीमला त्याने कसं उभं केलं, हे प्रत्येक छोट्या उद्योजकाने बघावं असं मला वाटतं. आणि त्याच माणसाने एका रात्री जे केलं, ते कोणीही करू नये असंही मला वाटतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, त्यामुळे दोन्ही सांगायला हव्यात.

फुटबॉल कळत नसेल तरी चालेल. धंदा कळतो ना? पुढे वाचा.

उझित्से ते कोची

इवानचा जन्म १९ जून १९७७ चा. गाव उझित्से, पश्चिम सर्बियातलं. त्या वेळी देशाचं नाव होतं युगोस्लाव्हिया. इवान चौदा वर्षांचा झाला तेव्हा त्या देशाचे तुकडे पडायला लागले. पुढे युद्ध, आंतरराष्ट्रीय निर्बंध, आणि १९९९ मध्ये बॉम्बहल्ले. त्या पिढीच्या खेळाडूंना एक गोष्ट लवकर कळली होती, की पोट भरायचं तर बॅग भरून ठेवायची.

इवान बचावफळीत खेळायचा. गावच्या स्लोबोदा क्लबपासून सुरुवात, मग बेलग्रेडचा ओबिलिच, फ्रान्समध्ये बोर्दो, जर्मनीत कोलोन, बेलग्रेडचा प्रसिद्ध रेड स्टार. पुढे रशिया, बेल्जियम आणि अगदी चीनसुद्धा. मोठा स्टार कधीच नव्हता. पण प्रत्येक ठिकाणी नवी भाषा, नवा मालक, नवी टीम. आपल्याकडे दहा ठिकाणी नोकरी केलेला माणूस स्वतःचं दुकान टाकतो ना, तसा हा माणूस कोचिंगमध्ये आला.

२०१३ मध्ये बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएज क्लबात सहायक कोच, २०१४ मध्ये हेड कोच, आणि काही महिन्यांतच तिथून बाहेर. मग स्लोव्हाकियात स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा. तिथे २०१७ मध्ये स्लोव्हाक कप जिंकला. त्यानंतर सायप्रसमध्ये थोडा काळ. म्हणजे रेझ्युमे ठीकठाक, भारी नाही. तुमच्या-माझ्यासारखाच.

जून २०२१ मध्ये त्याला भारतातून काम मिळालं. केरला ब्लास्टर्स.

अकरात दहावा नंबर

हा क्लब २०१४ मध्ये सुरू झाला. सुरुवातीच्या सहमालकांत आपला सचिन तेंडुलकर होता. 'ब्लास्टर्स' हे नाव त्याच्याच 'मास्टर ब्लास्टर'वरून आलं. २०१८ मध्ये सचिन बाहेर पडला. क्लबकडे काय होतं? कोचीच्या स्टेडियममध्ये पिवळे शर्ट घालून येणारे हजारो वेडे फॅन. म्हणजे आपल्या भाषेत, कस्टमर तयार! आणि काय नव्हतं? स्थिर मॅनेजमेंट. कोच येत होते, जात होते. इवान यायच्या आधीच्या सीझनमध्ये टीम अकरापैकी दहावी आली होती.

अशा ठिकाणी नवा माणूस आला की तो काय करतो? पहिल्या दिवशी मोठी घोषणा. "यंदा ट्रॉफी आणणारच!" तुम्हीही दुकान टाकताना पहिल्या वर्षी वीस लाखांचा टर्नओव्हर लिहून काढला होतात ना?

इवानने आधी टीम बसवली. उरुग्वेचा आद्रियान लुना, स्पेनचा आल्वारो वास्केझ, अर्जेंटिनाचा होर्हे पेरेरा दियाझ हे परदेशी खेळाडू, आणि त्यांच्या बरोबरीने सहल अब्दुल समद, जीकसन सिंग, गोलकीपर प्रभसुखन गिल असे तरुण भारतीय खेळाडू. तो सीझन कोविडमुळे सगळाच्या सगळा गोव्यात झाला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. टीम हॉटेलात बंद, स्टेडियम रिकामं.

पहिलीच मॅच हरले, ४-२. एटीके मोहन बागानकडून. मला विचाराल तर त्या सीझनचं खरं काम इथून पुढे आहे. पहिली ऑर्डर रिजेक्ट झाली म्हणून त्याने फॅक्टरी बदलली नाही. पुढच्या दहा मॅच टीम हरली नाही. जानेवारीत कॅम्पमध्ये कोविड शिरला, प्रॅक्टिस बंद पडली, मॅच पुढे ढकलल्या. तरीही शेवटी २० मॅचमध्ये ३४ पॉइंट, चौथा नंबर. सेमीफायनलमध्ये लीग टेबलात पहिल्या आलेल्या जमशेदपूरला हरवलं.

२० मार्च २०२२, फातोर्डा. फायनलला प्रेक्षकांना परवानगी मिळाली होती आणि केरळहून फॅनची रीघ गोव्यात आली. ब्लास्टर्सनी ६८ व्या मिनिटाला गोल केला. जिंकायला दोन-चार मिनिटं बाकी असताना हैदराबादच्या साहिल तावोराने बरोबरी साधली, आणि पेनल्टीत हैदराबादचा गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणी भारी पडला. दोघेही गोव्याचेच! ३-१. ट्रॉफी गेली.

पण क्लबने काय केलं? कोच हाकलला नाही. २०२५ पर्यंत करार वाढवला. केरळचे लोक त्याला 'आशान' म्हणायला लागले. मल्याळममध्ये आशान म्हणजे गुरू, उस्ताद. बाहेरच्या माणसाला ही पदवी सहज मिळत नाही.

३ मार्च २०२३

पुढच्या वर्षी वास्केझ एफसी गोवाला गेला, दियाझ मुंबई सिटीला. दोन्ही स्ट्रायकर गेले! तुमचे दोन सेल्समन एकाच महिन्यात स्पर्धकाकडे गेले तर तुम्ही काय कराल? इवानने ग्रीसचा दिमित्रिओस दियामंताकोस घेतला, टीम पुन्हा बांधली आणि पुन्हा प्लेऑफ गाठला. पाचवा नंबर.

प्लेऑफ एकच मॅच. हरलं की सीझन संपला. समोर बंगळुरू, मैदान त्यांचं, कांतीरवा स्टेडियम. ९० मिनिटांत गोल नाही, म्हणून ३० मिनिटांचा एक्स्ट्रा टाइम.

एक्स्ट्रा टाइमची सहा-सात मिनिटं झाली असतील. बंगळुरूला फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सचे खेळाडू अजून भिंत लावत होते, गोलकीपर जागा ठरवत होता, आणि सुनील छेत्रीने तेवढ्यात चेंडू थेट जाळ्यात टाकला. रेफरीने गोल दिला.

केरळची टीम चवताळली. "आम्ही तयार नव्हतो, शिट्टी नव्हती, हा गोल कसा?" छेत्रीने नंतर सांगितलं की त्याने रेफरीला आधी विचारलं होतं. नियम असा आहे की फ्री किक झटकन घेता येते, आणि रेफरीने थांबायला सांगितलेलं असेल तरच शिट्टीची वाट बघावी लागते. ब्लास्टर्सचं म्हणणं होतं की रेफरीने थांबवल्यासारखंच वागून मग किक घेऊ दिली. आपल्या लीगमध्ये व्हिडिओ बघून निर्णय बदलायची सोय नाही. त्यामुळे रेफरी म्हणेल ती पूर्व दिशा.

आणि मग इवान टचलाइनवर आला, हाताने इशारा केला आणि आपल्या सगळ्या खेळाडूंना मैदानाबाहेर काढलं. ड्रेसिंग रूममध्ये नेलं. टीम परत आलीच नाही. मॅच बंगळुरूला दिली गेली.

"पण सर, तो बरोबर होता ना?"

समजा, होता. वादासाठी मी शंभर टक्के मान्य करतो की गोल चुकीचा होता. आता मला एवढंच सांगा, त्या क्षणी घड्याळात किती वेळ शिल्लक होता?

साधारण २४ मिनिटं.

२४ मिनिटं! एक गोल केला की बरोबरी. बरोबरी झाली की पेनल्टी. टीममध्ये लुना होता, दियामंताकोस होता. अंगात राग होता, आणि रागातली टीम कधीकधी भयंकर खेळते. कदाचित हरले असते. पण ती २४ मिनिटं खेळाडूंच्या मालकीची होती. वर्षभर घाम त्यांनी गाळला होता. ती मिनिटं एका माणसाने एका इशाऱ्यात संपवली.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. निषेध करायला माझी हरकत नाही. मॅच संपल्यावर कर, लेखी कर, पत्रकार परिषदेत कर. पण चुकीचा निर्णय एका गोलाचा होता, तू तो संपूर्ण मॅचचा करून टाकलास.

आणि परिणाम माहीत नव्हता असंही नाही. डिसेंबर २०१२ मध्ये मोहन बागानने ईस्ट बंगालविरुद्ध हाफ टाइमनंतर खेळायला नकार दिला होता. आधी बंदी आली, मग ती उठली आणि २ कोटींचा दंड बसला. म्हणजे मैदान सोडायची किंमत काय असते, हे भारतीय फुटबॉलमध्ये दहा वर्षं आधीच ठरलेलं होतं.

ब्लास्टर्सनी तक्रार केली, ती फेटाळली गेली. ३१ मार्चला महासंघाच्या शिस्तपालन समितीचा निकाल आला. क्लबला ४ कोटी रुपये दंड आणि जाहीर माफी. माफी मागितली नाही तर ६ कोटी. इवानला १० सामन्यांची बंदी आणि ५ लाख दंड. अपीलही फेटाळलं गेलं.

आणि बंगळुरू? ते पुढे सेमीफायनलमध्ये मुंबई सिटीला पेनल्टीवर हरवून फातोर्ड्याच्या फायनलपर्यंत गेले. तुम्ही मैदान सोडलंत म्हणून खेळ थांबत नाही. तुमची जागा दुसरा घेतो आणि पुढे निघून जातो.

माझा ट्रक

आता म्हणाल, सर, एसीत बसून बोलणं सोपं आहे. म्हणून माझं सांगतो.

ट्रेनिंगमध्ये यायच्या आधी माझं पुठ्ठ्याच्या बॉक्सचं छोटं युनिट होतं. नऊ कामगार. निम्म्याहून जास्त धंदा एकाच मोठ्या कस्टमरवर. (हीच पहिली चूक, पण ती वेगळ्या व्हिडिओची गोष्ट.) पावसाळ्यात त्यांच्या स्टोअरवाल्याने माझा एक लॉट रिजेक्ट केला. म्हणे बॉक्समध्ये ओल आहे. ओल होती! पण ती त्यांच्या गळक्या शेडमुळे होती. माझ्याकडे माल उतरवतानाच्या सहीचं चलन होतं, फोटो होते. मी बरोबर होतो, हे मी आजही छातीठोक सांगेन.

त्यांनी डेबिट नोट पाठवली. माझा त्याच दिवशीचा दुसरा ट्रक त्यांच्या गेटवर उभा होता. मी डोक्यात राख घालून ड्रायव्हरला फोन केला, "गाडी फिरव." आणि परचेसवाल्याला सांगितलं, "तुमची ऑर्डर नको मला."

त्या संध्याकाळी मला फार भारी वाटलं. मित्रांनी पाठ थोपटली. बायको तेवढी म्हणाली, "शनिवारचा पगार कुठून देणार आहात?"

तीन महिन्यांत चार माणसं कमी करावी लागली. डेबिट नोट होती साधारण अठ्ठावीस हजारांची. त्यातला एक कामगार आजही बाजारात भेटला की "साहेब, बरं आहे ना?" विचारतो. स्वाभिमान माझा होता आणि किंमत त्याने मोजली. ते आठवलं की मला आजही त्याच्या नजरेला नजर देता येत नाही.

म्हणून इवानचा तो इशारा मी बघितला तेव्हा मला कांतीरवा स्टेडियम दिसलं नाही. मला माझा ट्रक वळताना दिसला.

मग कधीच सोडायचं नाही का?

सोडायचं. जरूर सोडायचं. मी तुम्हाला लाथा खात बसायला सांगत नाहीये. पैसे बुडवणारा कस्टमर, माणसांना अपमानास्पद वागवणारा सप्लायर, रोज नवा नियम काढणारा प्लॅटफॉर्म, यांना कधीतरी रामराम करावाच लागतो.

पण त्याची पद्धत आहे. आधी पर्याय उभा करायचा, मग सोडायचं. चालू ऑर्डर पूर्ण करायची, मग सोडायचं. ज्यांच्या पोटावर परिणाम होणार त्यांना आधी सांगायचं, मग सोडायचं. आणि सोडताना आवाज खाली असला पाहिजे. ओरडत घेतलेला निर्णय बहुतेक वेळा निर्णय नसतोच, तो राग असतो.

काही जण म्हणतात की इवानमुळे रेफरींच्या दर्जाची देशभर चर्चा झाली. झाली, खरं आहे. पण ती चर्चा पूर्ण मॅच खेळून, हरून, व्हिडिओ लावून दाखवूनही झाली असती. फॅन रस्त्यावर उतरले असते. आणि तेव्हा चर्चा रेफरीवर राहिली असती. आता मात्र सगळी चर्चा 'टीम निघून गेली' यावर फिरली. बरोबर असलेला माणूस निघून गेला की समोरच्याला आयतं उत्तर मिळतं. माझ्या कस्टमरने तरी दुसरं काय केलं? चलन कोणी बघितलंच नाही. "तो माल न उतरवता पळून गेला," एवढीच गोष्ट मार्केटमध्ये फिरली.

परत येणं

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

एप्रिलच्या सुरुवातीला क्लबने माफी मागितली, इवाननेही मागितली. नंतर दहा सामने तो टचलाइनवर नाही, ड्रेसिंग रूममध्ये नाही. टीम त्याच्या सहायकाने, फ्रँक डाउवेनने सांभाळली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मालक दहा दिवस नसताना तुमचं दुकान चालेल का? त्याचं चाललं, कारण आधीच्या दोन वर्षांत त्याने माणसं तयार केली होती.

२७ ऑक्टोबर २०२३ ला तो कोचीच्या मैदानावर परतला. ओडिशाविरुद्ध टीम आधी मागे पडली, मग २-१ ने जिंकली. गोल कोणाचे? दियामंताकोस आणि लुना. त्या २४ मिनिटांत जे दोघे ड्रेसिंग रूममध्ये बसून होते, तेच! मागे पडल्यावर मॅच फिरवता येते, याचा पुरावा त्याच्याच टीमने त्याला दिला.

सीझनच्या मध्याला टीम टेबलात पहिली होती. पण लुना जखमी होता, एकामागून एक खेळाडू गेले, मग घसरण झाली. पाचवा नंबर, आणि प्लेऑफमध्ये ओडिशाकडून एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ हार. मात्र या वेळी शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानावर. एप्रिल २०२४ मध्ये क्लब आणि तो सहमतीने वेगळे झाले. ट्रॉफी एकही नाही. पण दहाव्या नंबरची टीम सलग तीन सीझन प्लेऑफमध्ये नेणारा तो त्या क्लबचा पहिला कोच.

माझं मत विचाराल तर इवान चांगला कोच आहे आणि त्याने एका रात्री मोठी चूक केली. 'स्वाभिमानी हिरो' म्हणून त्या रात्रीचे रील फिरतात. त्याच्या तीन वर्षांच्या कामाचं रील कोणी बनवत नाही. तुम्ही मात्र तीन वर्षं बघा.

या आठवड्याचा गृहपाठ

वही काढा आणि लिहा.

१. सध्या तुमच्यावर कुठे अन्याय होतोय? रखडलेलं पेमेंट, खोटा रिव्ह्यू, चुकीची डेबिट नोट. एकच निवडा.

२. आज रागात निघून गेलात तर त्याची किंमत कोण मोजेल? नावं लिहा. 'टीम' असं लिहू नका. नावं.

३. तुमच्या घड्याळात अजून किती मिनिटं शिल्लक आहेत? म्हणजे अपील, लेखी तक्रार, दुसरी मीटिंग, दुसरा कस्टमर, यातलं काय काय अजून केलेलं नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच शिल्लक नाही' असं आलं, तर खुशाल सोडा. मी स्वतः तुम्हाला शाबासकी देईन. पण एक जरी ओळ लिहिता आली, तरी ट्रक फिरवू नका. आधी माल उतरवा, चलनावर सही घ्या, मग भांडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे, 'एकाच कस्टमरवर धंदा टिकवायचा की नाही?' तोपर्यंत काम करत राहा, शिकत राहा.